कु. झोप, नववी ब

आमच्या शाळेच्या नववी ब च्या पटावर गेल्या वर्षी एकविसावं नाव झोप हिचं होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

लोक म्हणतात, कुलथे भाऊसाहेबांनी घोळ घातला. मी या शाळेत सत्तावीस वर्षं लिपिक आहे, आणि घोळ घालायला मला वेळ कधी मिळाला ते लोकांनी सांगावं. मी फक्त वाचलं. जुलैच्या अखेरीस नववी ब च्या वर्गशिक्षिका नलावडे बाईंनी हजेरीपट माझ्याकडे पाठवला. शेऱ्याच्या रकान्यात वीसही मुलांच्या नावापुढे एकच वाक्य होतं : 'वर्गात झोप येते.' वाक्य सोपं आहे. वर्गात कोण येते? झोप. कधी येते, तेही बाईंनी खाली लिहिलं होतं : 'रोज, पहिल्या तासाला.' आता जी वर्गात रोज येते आणि जिचं नाव पटावर नाही, तिला शाळेनं काय म्हणायचं? पाहुणी रोज येत नाही. मी पट उघडला आणि नाव लिहिलं.

मुख्याध्यापक उदगीरकर सरांनी ते पान पाहिलं. ते आधी शेरा वाचतील, मग मला हाक मारतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त बेरीज वाचली.

"एकवीस?" ते म्हणाले.

"एकवीस, सर."

त्यांनी सही केली. त्यामागचं कारण सांगतो. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे वर्गाची दुसरी तुकडी एकवीस मुलांवर टिकते आणि विसावर मोडते. तुकडी मोडली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसऱ्या शाळेत धाडतात. सगळ्यांत शेवटी रुजू झालेला आधी जातो. आमच्याकडे सगळ्यांत शेवटी नलावडे बाई आल्या होत्या.

प्रवेश अर्ज भरायला झोप दुसऱ्या दिवशी कार्यालयात आली. ती दिसायला कशी आहे, असं मला पुष्कळ जण विचारतात. रोज त्यांच्याकडे येते, तरी मलाच विचारतात. तिला नीट पाहिलेली माणसं फार थोडी, कारण ती जवळ आली की बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात. माझे मिटत नाहीत, कारण सरकारी तक्ते भरताना मला कधी काही होत नाही. ती मध्यम उंचीची आहे, सावकाश चालते आणि बोलताना समोरच्याला अजिबात घाई करत नाही. एवढंच.

वयाचा विचार केला तर मी तिला अहोजाहो करायला हवं होतं. पण पटावरच्या मुलीला अहोजाहो करायची शाळेत पद्धत नाही.

"जन्मतारीख?" मी विचारलं.

"आठवत नाही, भाऊसाहेब."

मी एक जून लावली. ज्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही त्यांची एक जून लावायची, हे माझ्या आधीच्या लिपिकानं मला शिकवलं, आणि त्याची स्वतःचीही एक जूनच होती. आईच्या नावाच्या रकान्यात उदगीरकर सर 'रात्र' लिहा म्हणाले. मी म्हटलं, सर, आपल्याकडे तर ती सकाळी येते. तो रकाना रिकामा राहिला. जातीच्या रकान्यावर मी बराच वेळ थांबलो. "मी सगळ्यांना येते," ती म्हणाली. मी 'सर्व' असं लिहिलं. आमच्या रजिस्टरात असं लिहिलेला हा एकमेव रकाना आहे. आधार कार्डासाठी तिला केंद्रावर पाठवलं, तर तिथल्या बाई यंत्रावर डोकं टेकून बसल्या. म्हणून ते प्रलंबित ठेवलं.

झोपेची हजेरी शंभर टक्के होती. शाळा सात दहाला भरायची. पावणेसातला शिपाई लतीफचाचा फाटक उघडायचे, तेव्हा ती बाहेर उभी असायची. मुलं एसटीनं, सायकलीनं, बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून यायची, आणि ती त्यांच्या मागोमाग आत शिरायची. प्रार्थनेला नीट रांगेत उभी राहायची. पहिल्या तासाला मात्र ती एका बाकावर बसत नसे. या बाकावरून त्या बाकावर जायची. जिथं जायची तिथलं डोकं हळूहळू वहीवर टेकायचं.

नलावडे बाई विज्ञान शिकवायच्या. आवाज खणखणीत, खडू मोडेपर्यंत दाबून लिहायच्या. त्यांच्याबद्दल मी दोन शब्द जास्त बोलेन, ते चालवून घ्यावं. मी लिहिलेलं या शाळेत कुणी वाचत नाही, फक्त सही करतात. बाई वाचायच्या. सत्तावीस वर्षं मी 'विद्यार्थिनी' मधली थि दीर्घ काढत होतो. पहिल्याच महिन्यात त्यांनी पेन्सिलनं बारीक खूण करून ते पान परत पाठवलं, आणि सोबत वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. मला राग आला, आणि चटणी आवडली. तेव्हापासून मी थि ऱ्हस्व काढतो.

ऑगस्टात पटपडताळणीला विस्तार अधिकारी मोहरीर साहेब आले. ते मुलं स्वतः मोजतात, वहीवर विश्वास ठेवत नाहीत. नववी ब मध्ये त्यांनी बोटानं वीस मोजले आणि थांबले.

"एकविसावी कुठंय?"

"ती काय, खिडकीपाशी," बाई म्हणाल्या.

"नाव?"

"झोप," झोप म्हणाली.

"मोठ्यानं सांग. आणि जवळ ये."

ती मोठ्यानं बोलत नाही, पण जवळ गेली. मोहरीर साहेबांनी तिला सातचा पाढा विचारला आणि ती म्हणण्याआधी स्वतःच म्हणायला लागले. सात पंचे पस्तीस पर्यंत त्यांचा आवाज आला. मग ते बाईंच्या खुर्चीत वीस मिनिटं होते. वर्ग चिडीचूप होता. उठल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि अहवालात लिहिलं : 'वीस विद्यार्थी प्रत्यक्ष पाहिले. एकविसाव्या विद्यार्थिनीचा अनुभव घेतला. पट बरोबर आहे.' जाताना ते मला म्हणाले, की बऱ्याच महिन्यांनी इतकं बरं वाटलं. तुकडी टिकली. बाई टिकल्या. मी त्या दिवशी कॅन्टीनमधून सगळ्यांना माझ्यातर्फे चहा सांगितला, आणि हे माझ्या स्वभावात नाही.

पहिली घटक चाचणी सप्टेंबरात झाली, आणि तिथून सगळं बिघडलं.

नववी ब मध्ये सानिका ठोंबरे नावाची मुलगी आहे. आठवीत तिला विज्ञानात वीसपैकी अठरा होते. आता पाच पडले. बाईंनी तिची उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर आणून ठेवली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'प्रकाशाचे परावर्तन म्हणजे' इथपर्यंत सुंदर अक्षरात होतं. पुढे 'उशी' असा शब्द होता. त्याच्यापुढे पेनाची एक रेघ निघाली होती, ती तिरकी होत होत कागद संपेपर्यंत गेली होती.

"ही मुलगी ढ नाही, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणते, बाई, मला येत होतं, पण लिहायला गेले तेव्हा ती आली. आणि रडायला लागली. म्हणाली, मी आता हुशार राहिले नाही का?"

बाकीच्यांचंही तेच होतं. वीसपैकी चौदा जण नापास. झोपेनं कोरा पेपर दिला होता, स्वच्छ, घडी न घातलेला. तिला शून्य पडलं, पण उपस्थितीत ती पहिली होती.

बाईंनी मधल्या सुट्टीत झोपेला शिक्षक खोलीत बोलावलं. मी शेजारीच फळ्याच्या खडूंची नोंद करत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"तू माझ्या वर्गात का येतेस?" बाईंनी विचारलं. रागावून नाही, खरोखरच विचारलं.

"माझं काम राहिलेलं असतं, बाई."

"कसलं काम?"

"या मुलांचं. लहान होती तेव्हा मी नऊला त्यांच्याकडे जायचे आणि सहापर्यंत सगळं उरकायचे. आता त्यांचं वय असं आहे, की माझी वाटच लांब झालीय. लवकर निघाले तरी पोचायला अकरा वाजतात. त्यांना वाटतं त्यांचं चुकतंय, त्यांच्या आयांनाही वाटतं. कुणाचं चुकत नाही. पण पोचते, बसते, हात घालते, तोवर साडेपाचचा गजर होतो आणि सानिकाची आई तिच्या अंगावरचं पांघरूण ओढते. दिवसभर जे शिकवता, ते मी रात्री त्यांच्या डोक्यात जागच्या जागी लावत असते. ते तसंच पसरलेलं राहतं. मग अर्धं काम घेऊन मी मागोमाग इथं येते."

"आणि इथं पुरं होतं?"

"बाकावर कसलं पुरं होतंय," झोप म्हणाली. "लाकूड टोचतं. तुम्ही मोठ्यानं शिकवता. ते चांगलं शिकवता, मी ऐकलंय. पण मला आणि तुम्हाला एकाच वेळी एकच डोकं लागतं."

बाईंनी माझ्याकडे कागद मागितला.

अर्ज सात ओळींचा होता. माध्यमिक विभाग सकाळी सात दहाऐवजी दुपारी बाराला भरवावा आणि बाराची प्राथमिक शाळा सकाळी न्यावी, कारण चिमुरडी तशीही पहाटे उठून घर डोक्यावर घेतात. उदगीरकर सरांनी तो दोनदा वाचला आणि मला दार लावायला सांगितलं.

"बाई, मुलं वर्गात झोपतात हे मला मान्य आहे. त्यांना शिस्त लावू."

"मुलांना झोप लागते, सर."

"तेच म्हणतोय मी. वर्गात लागते."

"तसं नाही. लागते म्हणजे हवी असते. पाणी लागतं, तशी."

सर मराठीचेच शिक्षक, त्यांना हा फरक कळला. मग त्यांनी दुसरी बाजू काढली. "वेळ बदलली तर झोप मुलांच्या घरीच काम उरकेल?"

"हो."

"मग ती शाळेत येणार नाही."

"नाही येणार."

"नाही आली तर पटावर किती?"

"वीस."

"आणि वीस झाले तर सगळ्यांत शेवटी कोण रुजू झालंय?"

"मी," बाई म्हणाल्या. "अर्जाखाली माझंच नाव आहे, सर. ते मी वाचूनच लिहिलंय."

सरांना वाईट वाटलं, हे मी पाहिलं. त्यांनी एक वाट काढायचा प्रयत्न केला. दुपारी जेवणानंतर शिक्षक खोलीत ती येतेच, तर ती हजेरी धरता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सर, ती हिची धाकटी बहीण, डुलकी. डुलकीला नववीत घेता येईल का, सरांनी विचारलं. वयाच्या अटीत बसत नाही, मी म्हटलं, फार तर बालवाडीत. सरांनी सुस्कारा सोडला आणि अर्ज आवक नोंदवहीत चढवायला माझ्याकडे दिला. संस्थेची सभा महिनाअखेरीला होती.

मी तो चढवला नाही.

हे मी कबूल करतो. मी तो खणात ठेवला, वर स्टॅम्पपॅडचा डबा ठेवला, आणि अकरा दिवस तो खण उघडला नाही. माझी सोय मी पाहिली. बाई गेल्या असत्या तर माझी पानं पुन्हा कुणी वाचलं नसतं. रोज सकाळी मला नववी ब मधून बाईंचा आवाज ऐकू यायचा आणि त्या आवाजाखाली वीस मुलं बाकावर डोकी टेकून पडलेली असायची. मी खिडकी लावून घ्यायचो.

बाराव्या दिवशी झोप कार्यालयात आली.

"भाऊसाहेब, बाईंचा अर्ज अडलाय का?"

"प्रक्रियेत आहे," मी म्हटलं.

"खणात आहे," ती म्हणाली. ओरडली नाही, उलट तिनं माझ्यासमोरची खुर्ची घेतली आणि हात टेबलावर ठेवले. "तुमच्याकडे मी रोज नीट येत होते. गेले अकरा दिवस तुम्ही दार उघडत नाही. मी बाहेर उभी असते आणि तुम्ही त्या खणाचा विचार करत असता."

हे खरं होतं. माझी झोप उडाली होती. ती उडून कुठं गेली याची माझ्याकडे नोंद नव्हती, आणि आता ती समोर बसून मला विचारत होती.

"बाई जातील," मी म्हटलं.

"हो."

"तुझं काय बिघडतंय? तुझी हजेरी शंभर टक्के आहे. पटावर नाव आहे. एवढ्या वर्षांत तुला कुणी कागदावर घेतलं होतं का?"

"नाही घेतलं," झोप म्हणाली. "तुम्ही घेतलंत, ते मी विसरणार नाही. पण सानिका काल रडत होती तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. तिला वाटतं तिचं डोकं गेलं. तिचं डोकं चांगलं आहे. त्यात मी काम अर्धं सोडलंय, एवढंच. मला ते बघवत नाही."

मी खण उघडला. आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली. अकरा दिवसांपूर्वीची टाकता आली असती, पण त्या दिवशीचीच टाकली. संस्थेनं सभेत अर्ज मंजूर केला. विरोध झाला नाही, कारण नववी ब ची झोप अध्यक्षांच्या भेटीला गेली होती आणि सभेत अध्यक्ष फक्त मान हलवत होते.

दिवाळीनंतर शाळा बाराला भरायला लागली. पहिल्या दिवशी लतीफचाचा सवयीनं फाटकाशी थांबले. मुलं आत आली, आणि त्यांच्या मागं कुणीच आलं नाही. चाचांनी आणखी दहा मिनिटं फाटक उघडं ठेवलं. मग कार्यालयात येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, आपली एक मुलगी कमी आहे."

मी हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली. रोज करत गेलो. नववी ब मध्ये मात्र गोंगाट वाढला. मुलं प्रश्न विचारायला लागली. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, की नववी ब मध्ये हसतात. दुसऱ्या चाचणीत सानिकाला सतरा पडले. ती उत्तरपत्रिका घेऊन कार्यालयात आली, पहिलं उत्तर मला दाखवलं, आणि म्हणाली, "भाऊसाहेब, बघा, पूर्ण आहे." मला विज्ञानातलं काही कळत नाही. पण ओळ सरळ होती आणि पूर्णविरामापाशी थांबली होती.

महिनाभर सलग गैरहजर राहिलेल्याचं नाव पटावरून कमी करावं लागतं. ते मी केलं. पट वीस झाला. आठ दिवसांत नलावडे बाई अतिरिक्त ठरल्याचा आदेश आला. त्यांना चाळीस किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या शाळेत जायचं होतं. तिथं नववीत एक मूल कमी पडत होतं आणि तीही तुकडी मोडायला आली होती, म्हणजे तिथं गेल्यावर पुन्हा अतिरिक्त व्हायचं. निरोपाला मुलांनी शाल दिली. सानिकानं भाषण पाठ केलं होतं आणि एक शब्द न अडता म्हटलं. बाई ते ऐकताना रडल्या. मीही रडलो, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. जाताना त्यांनी माझ्या टेबलावरचा सेवापुस्तकाचा उतारा वाचला आणि 'शिक्षीका' मधली क्षी पेन्सिलनं ऱ्हस्व केली.

जानेवारीत त्या शाळेचं पत्र आलं. अक्षर बाईंचं होतं. लहान शाळा, तिथं लिपिक नाही, तेही काम त्याच करतात. मजकूर असा : 'आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी कु. झोप हिने आमच्या शाळेत इयत्ता नववीत प्रवेश मागितला आहे. ती पहिल्या तासाला नियमित येत आहे. तिच्यासह पट एकवीस होत असून तुकडी टिकत आहे. तरी तिचा शाळा सोडल्याचा दाखला पाठवावा.'

मी दाखल्याचं पुस्तक काढलं. जन्मतारीख एक जून. प्रगती : अपूर्ण काम सोडत नाही. वर्तणूक : शांत. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात 'घरी काम सुरू झाले' असं लिहिलं. 'विद्यार्थिनी' हा शब्द दाखल्यावर तीन ठिकाणी येतो. तिन्ही थि ऱ्हस्व आहेत का, ते मी पुन्हा एकदा पाहिलं.

लतीफचाचा पाकीट न्यायला आले. "तिकडची शाळा किती वाजता भरते, भाऊसाहेब?"

"सहा पन्नासला."

"मग आपल्या बाई तिथंही अर्ज देणार."

"दिलाय," मी म्हटलं. पत्राला दुसरा कागद जोडलेला होता, सात ओळींचा, माहितीसाठी प्रत म्हणून. खाली त्यांचंच नाव होतं.

चाचांनी पाकीट चिकटवलं आणि ते पोस्टात गेले. मी जावक नोंदवहीत नोंद केली. मग त्याच दाखल्याच्या आणखी चार प्रती लिहून, शिक्के मारून, वरच्या खणात ठेवल्या, कारण त्या दोघींना त्या यापुढे लागत राहतील.